कंपाइलर जुना नको, मशीन जुनं घ्या

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात सांगतो. घणसोलीच्या एका छोट्या कंपनीत सी प्लस प्लस वर काम करणाऱ्या एकाने विचारलंय की लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स आहे, त्यावर प्रोग्राम बिल्ड केला, क्लायंटचा सर्व्हर रेड हॅट ८ या जुन्या लिनक्सचा, तिथे नेऊन चालवला तर "जीलिबसी २.३४ नॉट फाउंड" असं सांगून लगेच बंद पडला. सीनियर म्हणाले कंपाइलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, जुना टाक, म्हणून जीसीसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या कंपाइलरचं जुनं ९ व्हर्जन टाकून परत बिल्ड केलं तरी एरर तीच. आणि वरून याच प्रोजेक्टमधला २००३ सालचा सी कोड जीसीसी १४ वर कंपाइलच होत नाही. मग कंपाइलर बॅकवर्ड कंपॅटिबल, म्हणजे जुन्याशी जुळवून घेणारे, असतात की नसतात?

मी हेच काम तेवीस वर्षं करतोय, आधी वागळे इस्टेटला होतो, नंतर महापेला. फॅक्टरीत चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे वजनकाटे, लेबल प्रिंटर, पीएलसीशी म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरशी बोलणारे प्रोग्राम. या धंद्यात सर्व्हर दहा-दहा वर्षं कोणी हलवत नाही आणि हलवूही देत नाही, त्यामुळे तुमची एरर मी शेकडो वेळा बघितलीय. उत्तर मोठं होणार आहे पण नीट वाचा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर पुरतं.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. जुना बिल्ड केलेला प्रोग्राम नवीन ओएसवर चालेल का, हा एक. नवीन बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्या ओएसवर चालेल का, हा दुसरा. आणि जुना सोर्स कोड नवीन कंपाइलरवर कंपाइल होईल का, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो आहे आणि ते हो राहावं म्हणून लोकांनी फार कष्ट घेतलेत. दुसऱ्याची हमी कोणीच दिलेली नाही, ती सोय आपली आपण करायची. तिसऱ्याचं उत्तर, थोडं काम करावं लागेल. लोक या तिन्हीला मिळून बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

आता तुमची एरर. तुमच्या सीनियरनी कंपाइलरवर बोट ठेवलं पण एररमध्ये कंपाइलरचं नावच नाहीये, बघा परत. जीलिबसी म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, फाइल उघडणं, मेमरी घेणं, नेटवर्क, थ्रेड हे सगळं तिच्यातून जातं. ती ओएसबरोबर येते, कंपाइलरबरोबर नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, रेड हॅट ८ मध्ये २.२८ आहे. तुम्ही जीसीसी ११ च्या जागी ९ टाकलं म्हणजे कोडचं भाषांतर करणारा बदलला, पण लिंक करताना, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडताना, समोर लायब्ररी कोणती होती? तीच, २.३५. मग एरर बदलणार कशी.

असं का होतं ते सांगतो. जीलिबसीच्या आत प्रत्येक फंक्शनच्या नावाला एक व्हर्जन चिकटवलेलं असतं. एखाद्या फंक्शनची वागणूक बदलायची झाली तर जुनं तसंच ठेवतात आणि नव्या व्हर्जनचं त्याच नावाचं दुसरं फंक्शन शेजारी बसवतात. लिंकर बिल्डच्या वेळी चालू डिफॉल्ट म्हणजे समोर असलेलं सगळ्यात नवीन व्हर्जन उचलतो आणि ते तुमच्या बायनरीत, म्हणजे बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलमध्ये, कोरून टाकतो. आता समजा तुम्ही ठाण्यात आजच्या माणसाला विचारलं की व्हीटीला जाणारी गाडी कुठली, तर तो बरोबर प्लॅटफॉर्म सांगेल, कारण त्याला व्हीटी पण माहितीय आणि सीएसएमटी पण. पण जो माणूस १९९० मध्ये मुंबई सोडून गेला आणि परत कधी आलाच नाही त्याला सीएसएमटी विचारा, त्याला कळणारच नाही, कारण ते नाव तेव्हा नव्हतंच. जुनी बायनरी जुनं नाव विचारते, नव्या लायब्ररीला ते ठाऊक असतं. नवी बायनरी नवं नाव विचारते, जुनी लायब्ररी हात वर करते. म्हणून हा रस्ता एकाच दिशेने चालतो आणि तो तसाच चालणार.

या जुन्या नावांची किंमत काय असते त्याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. मेमकॉपी नावाचं साधं फंक्शन, एका जागचे बाइट दुसऱ्या जागी ठेवायचे. नियम असा की दोन जागा एकमेकांवर चढलेल्या नकोत, चढल्या असतील तर मेममूव्ह वापरायचं. पण जुनं मेमकॉपी पुढून मागे सरळ कॉपी करायचं त्यामुळे नियम मोडलेला कोडही बऱ्याचदा चालून जायचा. २०१० मध्ये जीलिबसीत काही प्रोसेसरसाठी वेगवान मेमकॉपी आलं, ते मागून पुढे कॉपी करत होतं, आणि फेडोरा १४ वर ६४ बिट फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची होती, नियम त्याने मोडला होता, पण वापरणाऱ्याला त्याचं काय, काल गाणं नीट वाजत होतं आज वाजत नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या बगच्या चर्चेत उतरले होते. शेवटी २०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवीन व्हर्जन दिलं, आणि जुन्या व्हर्जनने हाक मारणाऱ्या जुन्या बायनरींना आतून मेममूव्हच मिळेल अशी व्यवस्था केली. म्हणजे ज्यांनी चुकीचा कोड लिहिला त्यांचेही प्रोग्राम सांभाळून घेतले. मला हे फार मोठं वाटतं. याची दुसरी बाजू अशी की २.१४ नंतरच्या मशीनवर साधं मेमकॉपी वापरून बिल्ड केलं की ती बायनरी सेंटओएस ६ वर, म्हणजे रेड हॅटशी जुळणाऱ्या फुकट लिनक्सवर, चालेना, कारण तिथे २.१२ होती, आणि त्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यात सेंटओएस ६ सगळीकडे होतं, आम्ही त्या एका फंक्शनपायी किती रात्री घालवल्या त्याला गणती नाही.

तुमच्या केसमध्ये २.३४ चा आकडा का येतोय तेही बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये २.३४ आलं तेव्हा थ्रेडची लायब्ररी, डायनॅमिक लोडिंगची लायब्ररी अशा वेगळ्या असलेल्या लायब्ररी मुख्य जीलिबसीत विलीन केल्या. त्याच रिलीजमध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे मेनच्या आधी जे चालतं त्याला, नवीन व्हर्जन मिळालं. म्हणजे उबुंटू २२.०४ वर तुम्ही नुसतं हॅलो वर्ल्ड लिहून बिल्ड केलं तरी ते रेड हॅट ८ वर चालणार नाही! करून बघा, खोटं सांगत नाही. मग ऑब्जडम्प ही कमांड मोठ्या टी च्या ऑप्शनने त्या बायनरीवर चालवा आणि आउटपुटमध्ये जीलिबसी ग्रेप करा. छापणाऱ्या फंक्शनसमोर २.२.५ दिसेल, आणि एका ओळीत स्टार्ट मेनसमोर २.३४ दिसेल. ती एक ओळ तुमचा प्रोग्राम अडवतेय. ही कमांड सवयीची करा, डिलिव्हरीच्या आधी प्रत्येक बायनरीवर चालवा, यादीतला सगळ्यात मोठा आकडा क्लायंटच्या सर्व्हरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर पाठवूच नका.

मग करायचं काय. ज्या सगळ्यात जुन्या ओएसवर चालवून द्यायचं तुम्ही कबूल केलंय त्या ओएसवर बिल्ड करा, पण कंपाइलर नवीन वापरा. हो, दोन्ही एकदम जमतं. तुमच्यासाठी अल्मालिनक्स ८ चा, म्हणजे रेड हॅट ८ शी जुळणाऱ्या फुकट लिनक्सचा, कंटेनर घ्या, कंटेनर म्हणजे तुमच्याच मशीनवर चालणारं वेगळं बंदिस्त लिनक्स, डॉकर नाहीतर पॉडमन काहीही चालेल, त्यात जीसीसी टूलसेट १३ इन्स्टॉल करा आणि तिथे बिल्ड करा. रेड हॅटवाल्यांनी हे फार हुशारीने बनवलंय, कंपाइलर नवीन पण सी लायब्ररी सिस्टिमचीच म्हणजे २.२८. सी प्लस प्लस लायब्ररीतला जो भाग सिस्टिमवर आहे तो तिथूनच घेतात, जो नवीन आहे आणि सिस्टिमवर नाही तेवढाच बायनरीत आत घालून देतात. त्यामुळे सी प्लस प्लस २० चं बरंच काही लिहूनही प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर आरामात चालतो. पायथनवाले त्यांच्या पॅकेजची तयार व्हील्स अशीच बनवतात, मेनीलिनक्स म्हणून जे असतं ना ते दुसरं काही नाही, जुनं लिनक्स आणि त्यावर नवीन कंपाइलर. आधी सेंटओएस ५ होतं, मग ६, मग ७, आता २.२८ वालं अल्मालिनक्स ८ वर. झिग नावाच्या भाषेचा कंपाइलर पण एक चांगला रस्ता आहे, त्याला टार्गेटमध्येच जीलिबसीचं व्हर्जन सांगता येतं आणि तो सी कोडही कंपाइल करतो.

लोक याशिवाय दोन-तीन युक्त्या सांगतील. सी प्लस प्लस लायब्ररी स्टॅटिक लिंक कर, म्हणजे बायनरीच्या आतच घाल, म्हणतील, त्याने सी प्लस प्लस वाली एरर जाते, जीलिबसीवाली तशीच राहते. सगळंच स्टॅटिक कर म्हणतील, छोट्या टूलला चालतं, पण जीलिबसी स्टॅटिक केली की होस्टचं नाव शोधणं, युजरची माहिती काढणं अशा कामाला ती रनटाइमला परत त्याच व्हर्जनच्या शेअर्ड लायब्ररी शोधते आणि तुम्ही फिरून तिथेच येता, तसं करायचंच असेल तर मसल नावाची दुसरी सी लायब्ररी घ्या. असेंबलर डायरेक्टिव्ह टाकून एकेका फंक्शनचं जुनं व्हर्जन पकडून ठेवता येतं, मी मेमकॉपीसाठी ते केलंय, पण आज करू नका, एक बांधलं की दुसरं निघतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, कधीही करू नका. नवीन जीलिबसीची फाइल सर्व्हरवर नेऊन जुन्याच्या जागी ठेवू नका. २०१५ च्या आसपास ठाण्यातल्या एका क्लायंटकडे सेंटओएस ६ च्या सर्व्हरवर एका नवीन मुलाने हे केलं. रात्रीचे साडेनऊ, दुसरी शिफ्ट चालू, आणि त्याचा फोन आला, आवाज थरथरत होता, सर एलएस पण चालत नाही. चालणार कसं, फाइलींची यादी दाखवणारं एलएस, कॉपी, मूव्ह, नवीन लॉगिन सगळंच त्या एका फाइलवर उभं असतं, प्रोग्राम मेमरीत चढवणारा लोडर जुना आणि लायब्ररी नवीन, काहीही चालवलं की रिलोकेशन एरर. एसएसएचने नवीन सेशन उघडेना. मी त्याला पहिलं वाक्य हे सांगितलं की जी टर्मिनलची खिडकी उघडी आहे ती काहीही झालं तरी बंद करायची नाही, कारण त्यातला बॅश, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, आधीच मेमरीत होता आणि तो रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला, होता. बॅशच्या पोटातल्या कमांड चालतात, सीडी चालते, इको चालतं. इको आणि तारांकन देऊन त्याला फोल्डरमधल्या फाइलींची नावं वाचायला लावली, जुनी २.१२ ची फाइल जागेवर होती, नशिबाने त्याने फक्त लिंक बदलली होती, मूळ फाइलवर कॉपी मारली नव्हती. मग एसबिनमध्ये एसएलएन नावाचं एक छोटंसं टूल असतं, लिंक बनवणारं, पण स्वतः स्टॅटिक लिंक केलेलं, म्हणजे त्याला जीलिबसी लागत नाही. जीलिबसीवाल्यांनी ते अशाच वेळेसाठी दिलंय. एक ओळ टाइप केली, मी अक्षर न् अक्षर त्याच्याकडून फोनवर वाचून घेतलं, एंटर मारला आणि एलएस चाललं. पुढची दोन मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो मुलगा आज उत्तम काम करतोय, पण तोपर्यंत पॅकिंग लाइनवर बायका-माणसं पाऊण तास उभी होती, लेबलं निघत नव्हती म्हणून माल पुढे जात नव्हता, हे मी विसरत नाही.

विंडोजकडे थोडक्यात येतो कारण आपल्या पट्ट्यात मशीनला जोडलेले पीसी अजून बरेच विंडोजचेच आहेत. तिथे उलट्या बाजूची, म्हणजे जुना प्रोग्राम नव्या ओएसवर, ही सोय जबरदस्त आहे, १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये बनवलेले प्रोग्राम आजही चालतात. फक्त १६ बिटवाले ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, म्हणूनच कॉलेजात शिकवलं जाणारं टर्बो सी डॉसबॉक्समध्ये टाकून चालवावं लागतं, तिथे तर कंपाइलर स्वतःच जुन्या ओएसचा प्रोग्राम आहे. पण नवा बिल्ड जुन्यावर न्यायचा झाला की तोच त्रास. २०१८ च्या सुमारास रबाळ्याच्या एका फॅक्टरीत वजनकाट्याला जोडलेला एक्सपीचा पीसी होता, काट्याच्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त एक्सपीसाठीच होता त्यामुळे पीसी बदलणं शक्य नव्हतं. आमचा नवीन बिल्ड तिथे टाकला तर म्हणे "नॉट अ व्हॅलिड विन ३२ ॲप्लिकेशन". फाइल बिघडली असं समजून आम्ही तीनदा कॉपी केली. खरं कारण एवढंच की व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ पासून एक्झीच्या हेडरमध्ये कमीत कमी ओएस ६.०, म्हणजे व्हिस्टा, असं लिहिलं जातं आणि एक्सपी स्वतः ५.१ आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मधला एक्सपीसाठीचा वेगळा टूलसेट निवडला, परत बिल्ड केलं, चाललं. मॅकवर हे ॲपलने सरळ कंपाइलरच्या ऑप्शनमध्येच दिलंय, कमीत कमी कुठलं मॅकओएस ते सांगायचं, बाकी तो बघतो. लिनक्सवर जीसीसीला असा स्विच नाही, आणि असता तर तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

एक धोका तुमच्या प्रश्नात नाही पण लवकरच येईल म्हणून सांगतो. कोणा व्हेंडरची तयार लायब्ररी वापरत असाल आणि लिंक करताना स्ट्रिंगच्या नावात सीएक्सएक्स११ असं काहीतरी दिसून अनडिफाइन्ड रेफरन्स आला, तर ती लायब्ररी जुन्या स्ट्रिंगने बनलीय. २०१५ च्या जीसीसी ५ मध्ये स्ट्रिंग आणि लिस्टची आतली रचना बदलली कारण सी प्लस प्लस ११ च्या नियमात जुनी रचना बसत नव्हती, आणि दोन्ही रचना लायब्ररीत शेजारी-शेजारी ठेवल्या. एका मॅक्रोने जुनी निवडता येते, फक्त मग सगळा प्रोजेक्ट तसाच बिल्ड करायचा, अर्धा असा अर्धा तसा नको. आणि मार्च नेटिव्ह हा, म्हणजे बिल्ड करणाऱ्या मशीनच्या प्रोसेसरसाठीच कोड बनवणारा, ऑप्शन बिल्ड स्क्रिप्टमध्ये कोणी टाकला असेल तर आजच काढा, नाहीतर क्लायंटच्या जुन्या प्रोसेसरवर इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरेल.

आता तो २००३ चा सी कोड. इथे मात्र कंपाइलर खरंच बदललाय, आणि माझ्या मते चांगल्यासाठी बदललाय. जीसीसी १० पासून हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता टाकलेले ग्लोबल व्हेरिएबल मल्टिपल डेफिनिशन म्हणून अडतात. आणि २०२४ च्या जीसीसी १४ ने घोषित न केलेलं फंक्शन वापरणं ही वॉर्निंग होती ती एरर केली. वैताग येतो मान्य, पण त्या वॉर्निंगने काय केलंय ते ऐका. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये रेकॉर्ड शोधून पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता परत देणारं एक फंक्शन होतं, एका फाइलमध्ये त्याचं हेडर घ्यायचं राहिलं होतं. सी च्या जुन्या नियमाने कंपाइलर गृहीत धरतो की ते इंट म्हणजे पूर्णांक देतं. ३२ बिटवर इंट चार बाइट, पॉइंटर चार बाइट, काही बिघडत नाही. ६४ बिटवर पॉइंटर आठ बाइटचा, त्यातले वरचे चार कापले गेले. तरीही सेंटओएस ७ वर वर्षानुवर्षं चाललं! कारण तिथे एक्झिक्युटेबल कमी पत्त्यावर लोड होतं, त्याचा हीप, म्हणजे चालताना घेतलेली मेमरी, तीही जवळच खालच्या पत्त्यांवर, वरचे चार बाइट शून्यच होते, कापून गेलं काय आणि राहिलं काय. मग तोच कोड उबुंटूवर बिल्ड केला, उबुंटूमध्ये १६.१० पासून प्रोग्राम कुठल्याही पत्त्यावर लोड होईल असा बिल्ड डिफॉल्ट आहे, पत्ते वर गेले आणि पहिल्याच रेकॉर्डला क्रॅश. सगळे म्हणाले उबुंटूचा प्रॉब्लेम, चार दिवस आम्ही ओएसला दोष देत बसलो, आणि ती वॉर्निंग बिल्ड लॉगमध्ये दोन हजार ओळींच्या मध्ये कधीपासून पडून होती.

म्हणून तुमच्या कोडला जुन्या स्टँडर्डचा ऑप्शन, म्हणजे जीएनयू ८९, देऊन आणि एफकॉमन लावून तात्पुरतं कंपाइल करता येईल, डिलिव्हरी उद्या असेल तर करा, पण त्यानंतर एकेक एरर घेऊन हेडर नीट करा. जीसीसी १५ पासून सी २३ डिफॉल्ट झालंय, त्यात रिकाम्या कंसाचा अर्थ कुठलंही आर्ग्युमेंट नाही असा होतो, बूल हा कीवर्ड झालाय, २००३ च्या कोडमध्ये बूलचा टाइपडेफ हमखास असतो. आता नाही केलं तर तेव्हा परत बसावं लागेल.

शेवटचं, बिल्डचा कंटेनर एकदा नीट जमला की त्याची इमेज फाइलमध्ये सेव्ह करून दोन ठिकाणी ठेवा. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि त्यानंतर त्या कंटेनरमध्ये यम हे पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल चालवलं तर मिररच सापडत नाहीत, व्हॉल्टचा म्हणजे जुन्या पॅकेजांच्या साठ्याचा पत्ता हाताने घालावा लागतो, ज्यांनी आधी इमेज ठेवली नव्हती त्यांची किती धावपळ झाली ते मी महापेत बघितलंय. माझ्या कपाटात एका हार्ड डिस्कवर सेंटओएस ५ पासूनच्या बिल्ड मशीन आहेत, प्रत्येकीवर कुठल्या क्लायंटसाठी ते लिहिलेलं आहे, आणि मागच्या वर्षीसुद्धा त्यातली एक उघडावी लागली होती.

आज आधी क्लायंटच्या सर्व्हरवर एलडीडी व्हर्जन चालवून २.२८ च येतंय ना ते खात्री करा, मग अल्मालिनक्स ८ मध्ये बिल्ड करून ऑब्जडम्पची यादी बघा. २.२८ च्या वर काही दिसलं तर ती ओळ मला पाठवा, बहुतेक तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी लॅपटॉपवरच्या लायब्ररीचा पाथ राहिलेला असेल.